ठेवण्यातली हिंसा

अमेरिकेत आज सुमारे ३ कोटी मुले बंदूक असलेल्या घरात वाढत आहेत. त्यांपैकी जवळजवळ ४६ लाख मुलांच्या घरी निदान एक बंदूक गोळ्या भरून, कुलपाबाहेर ठेवलेली असते, असा अंदाज २०२१ च्या राष्ट्रीय पाहणीवरून संशोधकांनी बांधला आहे. यांतल्या बहुतेक घरांत काहीही होणार नाही. मूल मोठे होईल, कॉलेजला जाईल, आणि आईबाबांच्या पलंगाशेजारच्या खणात काय होते हे त्याला कदाचित कधी कळणारही नाही. थोड्या घरांत मात्र एखाद्या दुपारी तो खण उघडला जाईल. मग बातमी येईल, ‘दुर्दैवी अपघात’ असे तिचे वर्णन होईल, शेजारीपाजारी मेणबत्त्या लावतील आणि त्या आईबापांकडे कुणी दयेने, कुणी संतापाने पाहील. या घरांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मला जास्त छळतो तो प्रश्न पहिल्या प्रकारच्या घरांविषयीचा आहे. जिथे काहीच झाले नाही तिथे दोष घडला की नाही? दोन बापांनी एकाच रात्री सारखेच भरलेले पिस्तूल सारख्याच खणात ठेवले. एकाचे मूल खेळता खेळता त्या खोलीत शिरले, दुसऱ्याचे शिरले नाही. एवढ्यावरून एक बाप अपराधी आणि दुसरा निर्दोष कसा ठरतो?

हा पेच तत्त्वज्ञांनी मांडलेला आहे. १९७६ साली बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल या दोघांनी नीती आणि दैव यांच्या संबंधावर एकाच चर्चेत निबंध वाचले. नेगेलने एका ट्रकचालकाचे उदाहरण घेतले होते. ब्रेक तपासून घेण्यात त्याने हयगय केलेली असते आणि नेमके त्याच्या गाडीपुढे मूल येते. मूल आले नसते तर त्या हयगयीची कुणी आठवणही ठेवली नसती. जे आपल्या हातात नाही त्यावरून माणसाला दोष देऊ नये असे आपण मानतो, आणि प्रत्यक्षात दोष देताना मात्र नेमके तेच पाहतो, ही विसंगती नेगेलने निर्दयपणे दाखवली आणि ती तशीच उघडी ठेवली. माझे म्हणणे असे की घरातल्या बंदुकीपुरता तरी हा पेच सुटतो. दोष गोळी सुटते त्या क्षणी शोधायचा सोडून हत्यार हातातून खाली ठेवले त्या क्षणी शोधला, की दोन्ही बाप एकाच जागी उभे राहतात. एकमेकांशी काही देणेघेणे नसलेल्या धर्मपरंपरांनी हे फार पूर्वी, आणि आश्चर्य वाटावे इतक्या बारकाईने, ओळखले होते.

सर्वांत बारकाई जैन विचारात आहे. तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना प्राणहरणाच्या आधी प्रमाद येतो. प्रमाद म्हणजे सावधानता सुटलेली वृत्ती. कुंदकुंदाचार्यांनी प्रवचनसारात याचे टोक गाठले आहे. जीव मरो वा जगो, ज्याचे आचरण बेसावध आहे त्याच्या पदरी हिंसा पडलेलीच आहे, आणि जो खरोखर जपून वागतो त्याला केवळ जीव गेला एवढ्याने कर्मबंध होत नाही, असे त्यांचे सांगणे आहे. नेगेलच्या पेचाला याहून सरळ उत्तर मला माहीत नाही. पण त्याहीपुढची गोष्ट अशी की कर्माचा आस्रव, म्हणजे आत्म्याकडे कर्म वाहून येणे, कशाकशाच्या आधाराने होतो हे सांगताना तत्त्वार्थसूत्र ‘निक्षेप’, म्हणजे वस्तू ठेवणे, ही स्वतंत्र बाब मोजते आणि तिचे चार भेद मानते. पूज्यपादांच्या सर्वार्थसिद्धीत ते भेद उलगडले आहेत. जागा न पाहता ठेवणे, नीट साफ न करता ठेवणे, घाईत ठेवणे आणि लक्ष नसताना कुठेतरी ठेवून देणे. मुनींच्या पाच समितींमध्ये, म्हणजे दक्षतेच्या नियमांमध्येही, वस्तू उचलताना व ठेवताना पाळायची दक्षता ही एक समिती आहे. मुळात हा विचार कमंडलू, पिंछी आणि पायाखालच्या किड्यामुंग्यांसाठी झाला. पण पिस्तुलाला तो लावून पाहावा. कामावरून दमून आलेला माणूस कंबरेचे हत्यार काढून उशीखाली सरकवतो आणि झोपतो, हा घाईतला निक्षेप. पिस्तूल पर्समध्ये आहे हे विसरून पर्स सोफ्यावर टाकली जाते, हा लक्ष नसतानाचा. मॅगझिन काढले म्हणजे पिस्तूल रिकामे झाले असे समजून ते कपाटात ठेवले जाते, पण नळीच्या मागच्या टोकाशी चढलेली एक गोळी आतच राहिलेली असते. स्लाइड मागे ओढून, आत डोकावून पाहिले असते तर ती दिसली असती. हा न पाहता केलेला निक्षेप, आणि अशा ‘रिकाम्या’ पिस्तुलांनी माणसे मेली आहेत.

हे मुनिधर्माचे नियम गृहस्थाला कशाला लावायचे, असे कुणी म्हणेल. पण गृहस्थासाठी जैन शास्त्र वेगळे बोलतेच. स्वसंरक्षणात नाइलाजाने होणारी विरोधी हिंसा गृहस्थाला पूर्ण टाळता येणार नाही हे त्यात मान्य आहे. जैन राजे झाले, सेनापती झाले. त्याच गृहस्थाला अनर्थदंडापासून, म्हणजे निष्कारण घडणाऱ्या पापापासून, दूर राहायला सांगताना समंतभद्रांनी रत्नकरंडश्रावकाचारात पाच प्रकार दिले. त्यांत शस्त्र, विष, अग्नी यांसारखी हिंसेची साधने दुसऱ्याच्या हाती देणे हा एक, आणि निव्वळ बेफिकीर वागणे हा दुसरा. भरलेले पिस्तूल मुलाच्या हाताला लागेल असे ठेवणे म्हणजे हे दोन्ही एकदम. बापाने ते मुलाला दिले नाही हे खरे. पण मुलाने ते घेऊ नये यासाठी त्याने काही केलेही नाही, आणि चार वर्षांच्या मुलाच्या बाबतीत या दोहोंत अंतर फार थोडे उरते.

अमेरिकेतल्या बंदूकधारकांना जैन आचार्य परके वाटतील. पण त्यांतले कितीतरी जण ज्या ग्रंथाची शपथ घेतात तो बायबलही हेच सांगतो. घर नवे बांधशील तेव्हा छताला कठडा घाल, नाहीतर कुणी पडले तर रक्ताचा दोष तुझ्या घरावर येईल, अशी आज्ञा त्यातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात आहे. कठडा कुणी पडल्यावर घालायचा नसतो. ज्याने खड्डा खणून उघडा ठेवला त्याच्यावर त्यात पडलेल्या जनावराची भरपाई त्यातल्याच ‘निर्गम’ ग्रंथाने टाकली आहे. यहुद्यांच्या तालमुदात रब्बी नातान यांनी कठड्याच्या त्या आज्ञेचा अर्थ आणखी रुंदावला आणि चावरा कुत्रा घरात पाळणे, मोडकी शिडी घरात ठेवणे हेही त्याखाली आणले. मिश्ना या यहुदी नियमसंग्रहातला एक दाखला तर थेट आपल्या विषयाला भिडतो. कुणी अज्ञान मुलाच्या हाती विस्तव देऊन पाठवला आणि त्याने आग लागली, तर माणसांच्या न्यायालयात तो देणारा सुटतो, पण देवाच्या न्यायालयात सुटत नाही. ख्रिस्ती परंपरेत थॉमस अक्वायनस यांनी मनुष्यवधाची चर्चा करताना हाच मुद्दा घेतला. जे काढून टाकणे आपले काम होते ते न काढल्यामुळे कुणाचा जीव गेला, तर तो वध एका अर्थी स्वेच्छेचाच होय, असा त्यांचा निवाडा आहे. म्हणजे ‘मला तसे व्हावे असे वाटत नव्हते’ हा बचाव तेराव्या शतकातल्या पाद्र्यालाही पुरेसा वाटला नव्हता.

याच बायबलात उलट बाजूचा दाखलाही आहे आणि तो टाळणे बरोबर होणार नाही. रानात लाकूड तोडताना कुऱ्हाडीचे पाते दांड्यातून निसटून सोबत्याला लागले आणि तो मेला, तर मारणाऱ्याने आश्रयाच्या नगरात पळून जीव वाचवावा, असे तिथे सांगितले आहे. अपघाताला जागा आहे, आणि असलीच पाहिजे. घरात बंदुकीने घडलेले मृत्यू या खात्यात का घालू नयेत? इथे पुरावा पाहावा लागतो. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने, म्हणजे सीडीसीने, २००३ ते २०२१ या काळात बंदुकीने अजाणता मृत्यू आलेल्या १७ वर्षांपर्यंतच्या १,२६२ मुलांच्या नोंदी तपासल्या. २९ टक्के मुले पाच वर्षांची किंवा त्याहून लहान होती. ८५ टक्के मृत्यू घरात झाले होते. बंदुका कशा ठेवल्या होत्या हे पाहिले तेव्हा सुमारे तीन चतुर्थांश भरलेल्या निघाल्या आणि तेवढ्याच कुलपाबाहेर. त्या मुलांच्या हाती आल्या त्या सर्वांत जास्त वेळा पलंगाशेजारचे टेबल किंवा झोपण्याची जागा इथून. साधारण दोन तृतीयांश प्रसंगांत मुले बंदुकीशी खेळत होती किंवा ती कुणाला दाखवत होती. कुऱ्हाडवाला कुऱ्हाड हातात धरून काम करत होता आणि पाते निसटणे त्याला अनपेक्षित होते. इथे हत्यार कुणाच्याच कामात नाही, ते पडून आहे, आणि मूल खण उघडते यात अनपेक्षित असे काहीच नाही. खण उघडणे हे त्या वयाचे कामच आहे.

आता आक्षेपांकडे येतो. सर्वांत मनापासून घेतला जाणारा आक्षेप हा की आम्ही मुलांना शिकवले आहे, आमचे मूल बंदुकीला हात लावणार नाही. अटलांटात झालेला आणि २००१ साली ‘पीडियाट्रिक्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेला एक प्रयोग अशा प्रत्येक पालकाने वाचावा. ८ ते १२ वर्षांच्या ६४ मुलग्यांना दोन-तीन जणांच्या गटांनी एका खोलीत पंधरा मिनिटे सोडले होते. एका खणात पाणी उडवायची दोन पिस्तुले होती, दुसऱ्यात खरे पिस्तूल, गोळ्या काढलेले, पण चाप पुरेशा जोराने ओढला की नोंद होईल अशी सोय केलेले. संशोधक एकतर्फी काचेआडून पाहत होते. २९ गटांपैकी २१ गटांना खरे पिस्तूल सापडले, १६ गटांनी ते हाताळले आणि १० गटांत कुणीतरी चाप ओढला. पिस्तूल सापडलेल्या मुलांपैकी जवळजवळ निम्म्यांना ते खेळण्यातले वाटले किंवा खरे की खोटे याची खात्री नव्हती. आणि ज्यांनी ते हाताळले त्यांतल्या नव्वद टक्क्यांहून अधिक मुलांना बंदुकीपासून सुरक्षित राहण्याचे शिक्षण पूर्वी मिळालेले होते. चिमुकल्या बोटांत चाप ओढायचे बळ नसते ही समजूतही टिकत नाही. दोन बोटे वापरली तर पाच-सहा वर्षांची बहुतेक मुले बऱ्याचशा पिस्तुलांचा चाप ओढू शकतात, हे मोजून पाहिलेले आहे. पालकांना आपल्या मुलांविषयी खात्री असते, पण ती खात्री त्या मुलांनाच विचारून पाहावी. ग्रामीण अलाबामातल्या एका अभ्यासात, बंदूक कुठे आहे हे मुलाला ठाऊक नाही असे सांगणाऱ्या पालकांपैकी ३९ टक्के पालकांच्या मुलांनी ती जागा ठाऊक असल्याचे सांगितले. मुलाला शिकवणे चांगलेच. पण शिकवण्याचा आधार घेऊन कुलूप टाळणे म्हणजे स्वतःचे व्रत मुलाने पाळावे अशी अपेक्षा करणे होय.

हाच आक्षेप किशोरवयीन मुलांच्या बाबतीत अधिक गंभीर रूप घेतो. सोळा वर्षांच्या मुलाला बंदूक म्हणजे काय ते नीट कळते. पण एखाद्या निराशेच्या संध्याकाळी तेच ज्ञान घातक ठरते. स्वतःच्या जिवावर उठण्याची ऊर्मी पुष्कळदा थोड्या वेळात ओसरते, आणि बंदूक तो वेळ देत नाही. बंदुकीने केलेल्या आत्महत्येच्या प्रयत्नांतून दहातले सुमारे नऊ जण वाचत नाहीत. घरात ती कुलपात असणे म्हणजे त्या मुलाला मिळालेली काही मिनिटे.

दुसरा आक्षेप संरक्षणाचा. रात्री कुणी दार फोडून आत शिरला तर मी किल्ली शोधत बसू का? २०२३ च्या प्यू संस्थेच्या पाहणीत ७२ टक्के बंदूकधारकांनी संरक्षण हे प्रमुख कारण सांगितले, तेव्हा हा प्रश्न खोटा म्हणून उडवून लावता येत नाही. वाल्मीकी रामायणाच्या अरण्यकांडात या प्रश्नाच्या दोन्ही बाजू शेजारी शेजारी ठेवलेल्या आहेत. दंडकारण्यात सीता रामाला वैर नसताना शस्त्र बाळगण्यातला धोका सांगते. एका तपस्व्याकडे इंद्राने खड्ग ठेव म्हणून ठेवले. ठेव हरवू नये म्हणून तो ते कंदमुळे आणायला जातानाही बरोबर नेऊ लागला, आणि सतत जवळ असलेल्या त्या खड्गाने हळूहळू त्याचे मन क्रूरतेकडे वळवले. राम तिचे बोलणे प्रेमाने ऐकतो, पण ऋषींना रक्षणाचे वचन दिले आहे, ते मोडणार नाही, असे सांगतो. रामाची बाजू मी नाकारत नाही. सीतेची बाजूही मला त्यात विरघळलेली दिसत नाही. शस्त्र बाळगणाऱ्यावर शस्त्राचा परिणाम होतो, हे तिचे निरीक्षण आहे. आजच्या शयनगृहात तो परिणाम क्रूरतेचा असतोच असे नाही. तिथे मन सरावते. पहिल्या आठवड्यात ज्या खणाकडे जाताना हात थबकतो, तो वर्षभरात चष्मा आणि औषधाच्या गोळ्या ठेवण्याचा खण होतो. रक्षणासाठी आणलेली वस्तू धोक्याची आहे याचाच विसर पडतो. आणि व्यवहाराचे म्हणाल तर बोटांच्या ठशाने किंवा चार बटणे दाबून क्षणात उघडणाऱ्या छोट्या तिजोऱ्या बाजारात मिळतात. ज्याला हत्यार सतत हाताशीच हवे त्याने ते अंगावर बाळगावे, म्हणजे निदान ते त्याच्या ताब्यात असते. अंगावर नाही आणि कुलपातही नाही, अशा तिसऱ्या ठेवणीला संरक्षणाच्या युक्तिवादाने बळ मिळत नाही. बंदूक बाळगण्याचा व्यक्तिगत हक्क मान्य करणाऱ्या २००८ च्या ‘हेलर’ निकालातही सर्वोच्च न्यायालयाने, अपघात टळावेत म्हणून बंदुका ठेवण्याविषयी केलेले कायदे या निकालाने अवैध ठरत नाहीत, असे स्पष्ट म्हटले आहे.

तिसरा आक्षेप प्रमाणाचा. पोहण्याच्या तलावात लहान मुले बुडतात, न्हाणीघरातल्या ॲसिडने भाजतात. मग प्रत्येक घर पापाचे घर म्हणायचे का? माझे उत्तर असे की दोषाची मात्रा धोका किती मोठा आणि तो टाळायला किती थोडे पुरे, यावर ठरते. भरलेल्या बंदुकीत धोका सर्वांत मोठा आणि टाळण्याची मेहनत सर्वांत कमी. तलावाचे उदाहरण तर आक्षेप घेणाऱ्यांवरच उलटते. अमेरिकेत कितीतरी ठिकाणी घरच्या तलावाभोवती कुंपण घालणे कायद्याने सक्तीचे आहे, आणि ते आपल्या स्वातंत्र्यावरचे आक्रमण आहे असे फारसे कुणी म्हणत नाही.

चौथा आक्षेप मला सर्वांत कठीण वाटतो, कारण तो करुणेतून येतो. ज्यांनी मूल गमावले त्यांना आणखी काय शिक्षा द्यायची? पण आज शिक्षा कधी होते ते पाहा. मिशिगनमध्ये २०२१ साली पंधरा वर्षांच्या मुलाने शाळेत चार विद्यार्थ्यांना ठार केले. पिस्तूल बापाने चारच दिवस आधी विकत घेतले होते. २०२४ मध्ये ज्यूरीने आई आणि बाप दोघांनाही सदोष मनुष्यवधाबद्दल दोषी धरले आणि दोघांना दहा ते पंधरा वर्षांची शिक्षा झाली. आईवरचा निकाल ६ फेब्रुवारीला लागला, आणि मुलांच्या हाती लागणार नाही अशी बंदूक ठेवणे बंधनकारक करणारा त्या राज्याचा कायदा त्यानंतर आठवड्याने अमलात आला. तो क्रम मला खुपतो. दोष ठेवण्यात आहे असे मानले तर कायद्याने आणि समाजाने मुलाच्या प्रेताची वाट पाहण्याचे कारण उरत नाही. आज आपण लाखो घरांत रोज घडणारा दोष चालू देतो आणि ज्यांच्यावर दैव उलटले अशा मूठभरांकडून सगळ्यांची शिक्षा वसूल करतो. मेणबत्ती लावून परतणारा शेजारी आपल्या घरातला तसाच खण तसाच ठेवून झोपतो. गोळी सुटण्याआधीचा दोष मानण्यात शोकग्रस्त आईबापांविषयी कठोरपणा नाही. उलट त्यांनी जे केले ते अनेकांनी केले होते, एवढे तरी त्यांच्या वतीने कबूल केले जाते. मॅसॅच्युसेट्सने १९९८ सालीच हा मार्ग धरला. तिथे बंदूक मालकाच्या ताब्यात नसेल तेव्हा कुलपात असलीच पाहिजे, मग घरात मूल असो वा नसो. राज्याराज्यांच्या कायद्यांची तुलना करणाऱ्या २०२० च्या अभ्यासातही, निष्काळजीपणे ठेवण्यालाच जबाबदार धरणाऱ्या राज्यांत १५ वर्षांखालच्या मुलांचे बंदुकीने होणारे मृत्यू सुमारे १३ टक्क्यांनी घटलेले दिसले. जाणूनबुजून किंवा बेदरकारपणे मुलाच्या हाती बंदूक दिली तरच दोष मानणाऱ्या कायद्यांचा तसा परिणाम दिसला नाही. मिश्नाने देवाच्या न्यायालयाकडे सोपवलेला दोष माणसाच्या न्यायालयाने वेळेवर हाती घेतला, तर मुले वाचतात.

हे सारे न्यू जर्सी, टेक्सास किंवा कॅलिफोर्नियात मुले वाढवणाऱ्या मराठी घरांपासून दूरचे नाही. काहींनी स्वतः बंदूक घेतली आहे, आणि वरचा प्रत्येक शब्द त्यांनाही लागू आहे. ज्यांनी घेतली नाही त्यांची मुले खेळायला, रात्री राहायला मित्रांच्या घरी जातात. सीडीसीच्या त्या नोंदींत स्वतःच्या घरी दगावलेली मुले ५६ टक्के होती आणि घरात झालेले एकूण मृत्यू ८५ टक्के, म्हणजे घरात दगावलेल्यांतली बाकीची मुले दुसऱ्या कुणाच्या घरी दगावली. बालरोगतज्ज्ञांची संघटना पालकांना म्हणूनच सांगते की मूल पाठवण्याआधी विचारा. फ्लोरिडाने १९८९ साली मुलांच्या हाती बंदूक लागू देणाऱ्याला जबाबदार धरणारा देशातला पहिला कायदा केला, आणि त्याच राज्याने २०११ साली डॉक्टरांना हा प्रश्न विचारण्यावर बंधने घातली. ती बंधने २०१७ मध्ये संघीय अपील न्यायालयाने बव्हंशी रद्द केली. पालकांवर असे बंधन कधी नव्हतेच. आपल्याला आडवी येते ती भीड. समोरच्याला संशय घेतल्यासारखे वाटेल, आपण परके ठरू, अशी भीती वाटते, आणि भिडेपोटी न विचारणे हाही प्रमादाचाच प्रकार आहे. शेंगदाण्याची ॲलर्जी आहे हे आपण न संकोचता सांगतो, घरी कुत्रा आहे का विचारतो. त्याच सुरात विचारावे की घरी बंदूक आहे का, असल्यास कुलपात आहे का, गोळ्या वेगळ्या ठेवल्या आहेत का. जो नीट सांभाळतो तो याचे उत्तर सहसा अभिमानाने देतो, त्याच्याकडे मूल खुशाल पाठवावे. जो उत्तर टाळेल त्याच्या मुलाला आपल्याकडे खेळायला बोलवावे.